वेबिल आणि झोपेची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतला झोपेवरचा लेख वाचला. मनगटावरचं घड्याळ आता रात्रभर झोप मोजतं, सकाळी उठून वहीत नोंदी करायचे दिवस गेले, असं त्यात एक वाक्य होतं. बाकी लेखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या एका वाक्याबद्दल मात्र आहे, आणि ते जरा लांबलचक आहे. जागा नसेल तर कात्री लावा, पण आकडे तेवढे राहू द्या.

मी एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होतो. २०१६ साली निवृत्त झालो. त्यातली निम्मी नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, मुक्कामी गाडी म्हणजे जी संध्याकाळी डेपोतून सुटते, रात्री आठ-साडेआठला शेवटच्या गावी पोचते, तिथंच थांबते आणि पहाटे पहिल्या फेरीला तिथूनच निघते. ढेबेवाडीकडचा डोंगर, कोयनानगरच्या पुढची गावं, असे माझे मुक्काम. गावातलं कुणीतरी भाकरी-कालवण आणून द्यायचं. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर पसरायचे, मी पुढं बाकड्यावर पाय दुमडून. आणि उशाला कॅशची बॅग. दिवसभराचं कलेक्शन त्यात. कमी भरलं तर आपल्या खिशातून. त्यामुळं झोप म्हणजे एक कान बॅगेवर ठेवून घेतलेली डुलकी. ही तक्रार नव्हे, नोकरीच तशी होती आणि तिच्यावर घर उभं राहिलं. निवृत्त झालो त्या दिवशी बॅग, पंच, बिल्ला सगळं जमा केलं. झोपेनं मात्र ती बॅग काही जमा केली नाही.

वर्षभरातच रात्री जड व्हायला लागल्या. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. "झोप येत नाही," एवढंच म्हणालो. बाहेर चाळीस माणसं बसलेली, त्यांनी तरी किती विचारायचं? अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. ती 'लागेल तशी' पाच वर्षं चालली. ही गोळी औषधांच्या 'एच वन' यादीतली आहे, म्हणजे दुकानदारानं चिठ्ठी बघायची, वेगळ्या रजिस्टरात नाव लिहायचं, मगच द्यायची. मला ती ओळखीवर मिळायची. मागणारा मीच, त्यामुळं दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही.

शेवटी मेहुण्यानं धरून कोल्हापूरला झोपेच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, किती वाजता झोपता?"

"नऊला."

"म्हणजे नऊला डोळा लागतो?"

"छे! डोळा कुठला लागतोय."

"मग नऊला काय होतं?"

मी गप्प. नऊला मी अंथरुणावर पडत होतो, एवढंच. डोळा कधी लागतो, रात्री किती वेळा जाग येते, त्यात एकूण किती वेळ जातो, शेवटची जाग कधीची आणि प्रत्यक्ष उठतो कधी, यातलं एकही मला धड सांगता येईना. "काही खरं नाही, रात्रभर टक्क जागा असतो," हे माझं ठरलेलं उत्तर. शेजारी बसलेली आमची सौ. म्हणाली, "रात्रभर जागे असतात तर मग घोरतं कोण?"

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी घोरण्याबद्दल सौ.ला नीट विचारलं, श्वास मधेच थांबतो का, गुदमरल्यासारखं होतं का, म्हणून. तसं काही नव्हतं. मग म्हणाल्या की निद्रानाशाच्या माणसाला डोळा लागायला लागलेला वेळ असतो त्याहून जास्त वाटतो आणि मिळालेली झोप असते त्याहून कमी वाटते, हे नेहमीचंच. तुम्ही खोटं बोलत नाही आणि या ताईही नाहीत. आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. दोन आठवडे भरून आणा, गोळीचं मग बघू.

कागद इंग्रजीत होता. माझी पुतणी नर्सिंगला आहे, तिनं समजावून सांगितला. २०१२ साली झोपेच्या अभ्यासकांनी एकत्र बसून असा नमुना ठरवला, कारण तोवर प्रत्येक दवाखान्याची वही वेगळी आणि एकाचा हिशोब दुसऱ्याशी जुळायचा नाही. मूळ नमुन्यात शेऱ्याचा धरून नऊ रकाने. अंथरुणात कधी गेलात, झोपायचा प्रयत्न कधी सुरू केला, डोळा लागायला किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, त्या जागा मिळून किती वेळ, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं, झोप कशी वाटली, आणि शेरा. मॅडमनी खाली आणखी तीन ओळी हातानं वाढवल्या होत्या: दुपारची झोप, चहा-तंबाखू-दारू, गोळ्या.

मला तर हे बघून बरंच वाटलं. आयुष्यभर वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलेला माणूस मी. मशीन यायच्या आधी तिकिटांचा ट्रे असायचा, आणि टप्पा आला की प्रत्येक किमतीच्या तिकिटाचा नंबर वेबिलात चढवावा लागायचा. घाटात गाडी हेलकावे खात असताना उभ्यानं भरलेल्या माझ्या वेबिलाला चेकरनं कधी नावं ठेवली नाहीत. तर हे काय, नऊ रकाने!

पहिल्या रात्री मी उशाशी बॅटरी, पेन आणि मनगटी घड्याळ घेऊन झोपलो. जाग आली की बॅटरी लावायची, वेळ बघायची, लिहायची. १२.४०. १.१७. १.५२. २.०५. सौ. उठून दुसऱ्या खोलीत गेली. सकाळपर्यंत कागदाच्या मागची बाजूही भरली होती आणि झोप मोजून पाऊण-एक तास. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी पुतणीनं कागद बघितला आणि डोक्याला हात लावला. कागदावर ठळक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं: रात्री घड्याळ बघू नका, सकाळी उठल्यावर तासाभरात अंदाजानं भरा.

"काका, हे वेबिल नाही. हिशोब जुळायला नको आहे त्यांना. तुम्हाला रात्र कशी वाटली ते हवंय."

मला ते पटेना. अंदाजाचा हिशोब म्हणजे काय हिशोब? पण भिंतीवरचं घड्याळ तिनं काढून स्वयंपाकघरात नेलं, मनगटी घड्याळ कपाटात ठेवलं आणि सांगितलं, "साधारण अर्धा तास, साधारण तासभर, असंच लिहायचं." तिसऱ्या रात्रीपासून तसं केलं. वेळ बघणंच जाग वाढवतं, हे मला तेव्हा कळलं. १.१७ वाजलेले दिसले की डोकं लगेच हिशोब मांडतं, पाचला उठायचं म्हणजे राहिले पावणेचार तास. मग झोपेचं खोबरं व्हायला कितीसा वेळ.

आता तो कागद मराठीत कसा असावा याबद्दल बोलतो, कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. आपल्याकडे 'झोपलो' हा एकच शब्द आडवं होण्यालाही चालतो आणि डोळा लागण्यालाही. 'तो झोपलाय' म्हणजे घोरतोय की नुसता पडलाय, हे उठवल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरनं विचारलं किती वाजता झोपता आणि पेशंटनं सांगितलं नऊला, की दोघांचाही समज असा की आपलं बोलणं झालं. प्रत्यक्षात झालेलं काहीच नसतं. पण आपल्या भाषेत वेगवेगळे शब्द नाहीत असं नाही. पाठ टेकली. दिवा मालवला. डोळा लागला. जाग आली. अंथरूण सोडलं. हे पाच शब्दप्रयोग माझ्या आईला येत होते आणि ती शाळेत गेलेली नव्हती. रकान्यांना हीच नावं द्या, माणसं बिनचूक भरतील. मी एक मराठी नमुना नंतर पाहिला, त्यात 'निद्रारंभ विलंब' असं लिहिलं होतं. ते वाचूनच निद्रारंभ व्हावा.

आता माझे आकडे. पहिल्या दोन रात्री बाद. उरलेल्या बारा रात्रींची मॅडमनी सरासरी काढली. पाठ टेकली ९, अंथरूण सोडलं ५. म्हणजे अंथरुणात ८ तास, ४८० मिनिटं. डोळा लागायला साधारण ७५ मिनिटं. रात्री तीनदा जाग, मिळून ६० मिनिटं. शेवटची जाग सव्वाचारला, म्हणजे पुढची ४५ मिनिटं नुसतं लोळणं. वजा जाता झोप ३०० मिनिटं, पाच तास. ३०० भागिले ४८०, साडेबासष्ट टक्के. अंथरुणातल्या वेळापैकी निदान ८५ टक्के झोपेत जावा असं ढोबळमानानं धरतात. भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण, कमी म्हणून गाडी बंद करायची वेळ!

आणि खाली एक ओळ, जी मी कधी कुठल्याच डॉक्टरला सांगितली नव्हती, कारण ती मला झोप वाटतच नव्हती: जेवणानंतर दीड ते अडीच, रोज. मॅडमनी त्यावर पेननं गोल केला. "काका, तुम्हाला दिवसाकाठी सहा तास झोप येते आहे. तुम्ही ती नऊ तासांच्या अंथरुणावर पसरून ठेवली आहे."

गोळीचंही तसंच. चौदा रात्रींपैकी आठ रात्री घेतली होती, सहा रात्री नाही. कागदावर दोन्हींत फरक होता दहा-पंधरा मिनिटांचा. मला वाटत होतं, गोळी नाही तर रात्र नाही. पण म्हणून मी दुसऱ्या दिवशी डबी फेकून दिली नाही आणि कुणीही देऊ नये. रोज घेणाऱ्यानं ही गोळी एकदम सोडली तर त्रास होतो, प्रसंगी मोठा होतो. माझी मॅडमनी टप्प्याटप्प्यानं, त्यांच्या देखरेखीखाली कमी केली.

उपचार काय, तर ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही. झोप येत नाही म्हणून गेलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, उशिरा झोपा. साडेअकराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही, पाचला उठायचंच, दुपारची झोप बंद. अंथरुणात बराच वेळ टक्क पडून राहिलात असं वाटलं तर उठून बाहेर जाऊन बसा, पेंग आली की परत या. अंथरुणात टीव्ही नाही, फोन नाही, जप नाही. जपावर सौ.ची हरकत होती, तो खुर्चीत बसून करायचा ठरला. हे सांगायच्या आधी त्यांनी खोदून विचारलं होतं, फिट येते का, पूर्वी कधी मनाचा आजार झाला होता का, गाडी चालवता का. यांपैकी काही असेल तर हा उपाय जपून किंवा अजिबात करत नाहीत. म्हणून हे वाचून कुणी घरच्या घरी सुरू करू नये, आधी डॉक्टर गाठावा.

पहिला आठवडा वाईट गेला. रात्री दहा वाजता मी अंगणात फेऱ्या मारतोय आणि गल्लीतली कुत्री माझ्याकडे संशयानं बघताहेत. दिवसा भाजी निवडताना पेंग. पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहीत आलं: अंथरुणात ३३० मिनिटं, झोप २९०. ८८ टक्के. मग पाव तास अलीकडे, सव्वाअकरा. पुढच्या आठवड्यात अकरा. मधे एक आठवडा पावसामुळं की कशामुळं, आकडा घसरला, तेव्हा पाव तास वाढवला नाही. असं करत करत दोन महिन्यांनी साडेदहा ते पाच. त्यात पावणेसहा तास झोप लागते. ती पुरते. सांगायचं ते असं की प्रत्येक पाव तास वहीत बघून दिला गेला. वही नसती तर डॉक्टर काय बघून ठरवणार, माझा चेहरा?

पुतणीनं वाचून दाखवलं की अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं, जुनाट निद्रानाशाच्या मोठ्या माणसांना आधी सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार द्या, ज्यात हे सगळं मोडतं, गोळी नंतर, असं २०१६ सालीच सांगितलं आहे. मी निवृत्त झालो ते वर्ष. म्हणजे मी मेडिकलच्या दुकानातून पुड्या बांधून आणत होतो तेव्हा हे छापून आलं होतं.

आता माझ्या ड्रायव्हरची गोष्ट. एसटीत कंडक्टरचा एकेक ड्रायव्हर ठरलेला असतो, म्हणजे कागदावर नसतो पण मनानं असतो. माझे ड्रायव्हर दांडगे, मान आखूड, बीपीची गोळी चालू. माझी वही बघून त्यांनाही हुक्की आली, त्यांनी कागद मागून घेतला आणि आठवड्यानं छाती पुढं काढून मला दाखवला. पाठ टेकली १०. डोळा लागायला ५ मिनिटं. जाग एकदा, लघवीला. अंथरूण सोडलं ६. झोप कशी वाटली: उत्तम. रोज हेच. "आपल्याला काय रोग नाय बघा."

पण खालच्या ओळी त्यांनी प्रामाणिकपणे भरल्या होत्या. दुपारी दोन तास. संध्याकाळी टीव्हीसमोर. एका दशक्रियेला बसल्या जागी. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या मंडळींनी वेगळ्या शाईत लिहिलेलं: घोरणं एकदम बंद होतं, मग मोठ्यानं श्वास घेतात, मला भीती वाटते. तो कागद मी मॅडमकडे नेला. त्यांनी माझ्या वहीपेक्षा त्याच्यावर जास्त वेळ घालवला. रात्री सात-साडेसात तास गाढ झोपणारा माणूस दिवसा तीन वेळा झोपतो, तर ती झोप गाढ नाहीच. श्वास थांबणं वहीत दिसत नाही, झोपलेल्या माणसाला ते कळतच नाही, त्यामुळं अशा रोगाचं निदान वहीवर होत नाही. पण वहीच सांगते की पुढची तपासणी कुणाची करायची. रात्रभर वायरी लावून त्यांची झोप तपासली. श्वास तासाला चाळीसच्या आसपास वेळा अडखळत होता. तासाला तीसच्या वर गेला की तीव्र म्हणतात. आता नाकाला हवेचं मशीन लावून झोपतात. निवृत्तीनंतर ते लग्नसराईत वऱ्हाडाची जीप चालवायचे. मशीनची सवय होऊन मॅडमनी हो म्हणेपर्यंत जीपची चावी मंडळींच्या पदराला होती.

सौ.चं थोडक्यात सांगतो, तिला छापून यायला आवडत नाही. ती म्हणायची, मला काय धाड भरली आहे. पण कॅलेंडरच्या मागं दुधाच्या हिशोबाखाली तिनं गुपचूप आठ-दहा रात्री लिहून ठेवल्या होत्या. रोज एकच: दहाला पडले, पाय शिवशिवतात, चालल्यावर बरं, पडलं की परत, साडेबाराला डोळा. चाळीस वर्षं आम्ही त्याला 'दिवसभर उभी असते म्हणून' म्हणत होतो. मॅडमनी तो मजकूर वाचला आणि रक्तातलं फेरिटिन तपासायला सांगितलं. साठवणीतलं लोह अगदी तळाला. लोह सुरू झालं, हळूहळू पाय शांत झाले. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून मला ते माहीत नव्हतं, हे लिहिताना बरं वाटत नाही.

आता वहीची खोट. पुतणीनं मला एक जुना प्रयोग सांगितला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली आलेला. झोपेचा नव्हता, जुन्या दुखण्याच्या पेशंटांचा होता. त्यांना दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी कागदी वही भरायला सांगितली. पेशंटांनी नोंदींवर घातलेल्या वेळा बघितल्या तर ९० टक्के वेळेवर. पण वहीच्या पुठ्ठ्यात त्यांना न सांगता प्रकाश ओळखणारं यंत्र लपवलं होतं, वही कधी उघडली ते टिपणारं. खरा आकडा निघाला ११ टक्के. मी हे ऐकून इतका हसलो की सौ. बाहेर आली. अहो, हे तर साध्या कपड्यातलं लाईन चेकिंग! आणि वेबिल शेवटच्या स्टॉपला बसून भरणारे आमच्यातही होते. टप्प्यावर भरलं तर ते वेबिल, शेवटच्या स्टॉपला भरलं तर ती गोष्ट. झोपेच्या वहीचंही तेच. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री एकाच पेननं, एकाच अक्षरात चौदा रात्री भरणारा माणूस डॉक्टरला फसवत नाही, स्वतःचेच पैसे घालवतो. एखादी सकाळ राहून गेली तर तो रकाना कोरा सोडावा. पुढं मीही दोन कोरे सोडले होते. मॅडम काही बोलल्या नाहीत.

आणि घड्याळ. मुलानं पुण्याहून मला ते मनगटावरचं पाठवलंय, त्यामुळं ऐकीव बोलत नाही. एका पहाटे मी सव्वातीनपासून चारपर्यंत डोळे मिटून, हालचाल न करता, नामस्मरण करत पडलो होतो. घड्याळानं ती पाऊण तासाची झोप धरली. ते बिचारं हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं, निवांत जागा माणूस त्याला झोपलेलाच दिसतो. डॉक्टरकडे मनगटाला बांधायचं तसलंच एक तपासणीचं यंत्र असतं, पण ते देताना ते बरोबर वहीही भरायला लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घड्याळाला दुपारचा चहा दिसत नाही, गोळी दिसत नाही, पाय शिवशिवलेला दिसत नाही, आणि उशाची कॅशची बॅग तर नाहीच नाही. शिवाय आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी सकाळी घड्याळात 'गाढ झोप ३८ मिनिटं' दिसली की दिवसभर आजारी असतात. त्या दिवशी घड्याळ घरी विसरले असते तर ठणठणीत असते.

तेव्हा, संपादक महाराज, माझी मागणी साधी आहे. आपल्या पुरवणीत पान भरून कोडी येतात, राशिभविष्य येतं. एका रविवारी चौदा रात्रींचा तक्ता छापा. कापून भिंतीला लावता येईल असा, मोठ्या अक्षरात. लिहिता न येणाऱ्यांसाठी चौकटींचा छापा: एका ओळीत दिवसाचे २४ चौकोन, झोपेचे तेवढे पेन्सिलनं काळे करायचे, अंथरुणात गेलात तिथं बाण, चहाला 'च', गोळीला 'ग'. परदेशात असा तक्ता वापरतात आणि त्यात दिवस दुपारी बाराला सुरू करतात, म्हणजे रात्र मधोमध येते, तुटत नाही. एमआयडीसीतला रातपाळीवाला, दवाखान्यातली नर्स, वॉचमन, मुक्कामी गाडीवरचे माझे भाऊबंद, यांच्या पाळ्या बदलतात तसे काळे चौकोन कसे सरकतात ते एका नजरेत दिसतं. आमच्या ड्युटी चार्टसारखंच. अशांची झोप 'किती वाजता झोपता' या प्रश्नात कधीच मावणार नाही.

आणि तक्त्याच्या खाली दोनच ओळी छापा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप नीट लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल तर तक्ता घेऊन डॉक्टरकडे जा. घोरताना श्वास थांबत असेल किंवा गाडी चालवताना पेंग येत असेल, तर तक्ता भरायचीही वाट बघू नका, आधी जा.

प्राथमिक आरोग्य केंद्रातही हा कागद ठेवता येईल. झेरॉक्सचा खर्च दोन रुपये. गल्लीतल्या डॉक्टरांना चाळीस माणसांच्या रांगेत एवढं सगळं विचारायला सवड नाही हे मला मान्य आहे, म्हणूनच म्हणतो, विचारायचं काम कागदाकडे द्या. माझे गल्लीतले डॉक्टर आता गोळी लिहायच्या आधी असा एक कागद देतात. मीच त्यांना शंभर प्रती काढून दिल्या. त्यातल्या किती भरून परत आल्या ते मी विचारलेलं नाही, पण एक आजी परवा मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "तुमच्या त्या कागदात बाळाच्या रडण्याला रकाना नाही." नातू रात्री त्यांच्याजवळ झोपतो. खरं आहे, नव्हता. शेऱ्यात लिहा म्हणालो, पण पुढच्या झेरॉक्सला वाढवीन.

नाव छापू नये ही विनंती. सौ.ची अट आहे, आणि ड्रायव्हरचीही.

कालची नोंद अशी: पाठ टेकली १०.३०. दिवा मालवला लगेच. डोळा लागायला अंदाजे ५० मिनिटं. जाग एकदा, साधारण अर्धा तास. शेवटची जाग पावणेपाच. अंथरूण सोडलं ५. दुपारची झोप नाही. चहा दोन, दुसरा पाचच्या आत. गोळी नाही. शेरा: संपादकांना काय लिहायचं ते डोक्यात घोळत होतं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
कराड, जि. सातारा